सुट्टीतले वाचन : नझीर अहमदांच्या घरापासून आपल्या घरापर्यंत



वार्षिक परीक्षा संपली की आमच्या शाळेत वाचनालयाचे कपाट उघडतो आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना सुट्टीत वाचण्यासाठी एकेक पुस्तक घरी नेऊ देतो. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने प्रेमचंदांच्या कथांचे मराठी पुस्तक नेले. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील ते पुस्तक घेऊन शाळेत हजर झाले. सलाम-दुआ झाली. गृहस्थ सज्जन होते, मुलीच्या शिक्षणाविषयी मनापासून आस्था असलेले. फी कधी थकवली नाही, पालकसभा कधी चुकवली नाही. पुस्तक टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, गैरसमज करून घेऊ नका. पुढच्या वर्षी तिची दहावी. सुट्टीत गणित-इंग्रजी झाले तर कामाला येईल. गोष्टी-कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात असे काही मी म्हणत नाही. पण त्यातून मिळते काय?"

त्या वेळी मी पुस्तक जमा करून घेतले, रजिस्टरमध्ये तारीख टाकली आणि चहा मागवला. उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याजवळ तयार नव्हते. पुस्तक परत देताना दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीचा चेहरा मात्र मी विसरलो नाही. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ते राहून गेलेले उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे. पालक बंधू-भगिनींनी आणि विद्यार्थ्यांनी ते शांतपणे वाचावे, एवढीच विनंती.

आपल्या धर्मातील पहिला आदेश वाचण्याचा होता, हे आपण प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकतो. मान डोलावतो, टाळ्याही वाजवतो. पण घरी मूल एखादी कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसले की आपल्या कपाळाला आठी पडते. "अभ्यास सोडून हे काय?" असा प्रश्न येतो. ही आठी आजची नाही. तिचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे आणि गंमत अशी की, कादंबरीला विरोध आणि कादंबरीचा जन्म या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच घरात झाल्या. ते घर डेप्युटी नझीर अहमद यांचे.

मशिदीतला विद्यार्थी

नझीर अहमद यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, उत्तर प्रदेशातील आजच्या बिजनौर जिल्ह्यात झाला. घराणे विद्वानांचे, परंतु पैसा नव्हता. वडिलांनी शिक्षणासाठी त्यांना दिल्लीला आणले आणि औरंगाबादी मशिदीतील एका मौलवी साहेबांच्या हवाली केले. त्या काळी असे विद्यार्थी मशिदीतच झोपत, वस्तीतल्या घरांतून भाकरी गोळा करीत आणि उस्तादांच्या घरची कामे करीत. नझीर अहमद यांना मसाला वाटावा लागे. हात थांबला की त्या घरातली एक छोटी मुलगी त्यांच्या बोटांवर मारायची. पुढे तीच मुलगी त्यांची पत्नी झाली! त्यांचे शिष्य फरहतुल्ला बेग यांनी आपल्या उस्तादांवर लिहिलेल्या सुंदर लेखात ही हकिकत सांगितली आहे.

या मुलाला पुढे दिल्ली कॉलेजात प्रवेश मिळाला. तेथे गणित, भूगोल आणि विज्ञान हे विषय उर्दूतून शिकवले जात. मुहम्मद हुसेन आझाद आणि झकाउल्ला हे नामवंत लेखकही त्याच कॉलेजचे विद्यार्थी. नझीर अहमद अरबी शाखेत होते. इंग्रजी शिकायची संधी समोर होती, पण वडिलांची सक्त मनाई होती. मुलाने इंग्रजी शिकण्यापेक्षा तो मेलेला बरा, इतके टोकाचे त्यांचे मत होते. मुलाने आज्ञा पाळली. पुढे नोकरीत असताना, वडील होण्याच्या वयात त्यांना स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकावे लागले. ते इतके पक्के झाले की १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या उर्दू भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता.

पालकहो, या वडिलांना दोष देऊ नये. मुलाचे भले व्हावे असेच त्यांना वाटत होते. परंतु भले कशात आहे याचा अंदाज बापालाही नेहमी बरोबर येतोच असे नाही, एवढे यातून दिसते.

लेकींसाठी लिहिलेले पुस्तक

नझीर अहमद शिक्षण खात्यात शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर झाले आणि पुढे महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर झाले. शाळा तपासणाऱ्या या अधिकाऱ्याला घरात मात्र अडचण आली. मुली वाचायला शिकल्या, पण पुढे त्यांना वाचायला द्यायचे काय? धार्मिक पुस्तके होती, ती त्यांनी वाचली. त्याव्यतिरिक्त जे बाजारात मिळे ते जादू, पऱ्या आणि आशिक-माशुकांचे किस्से. आपल्या घरासारखे घर, आपल्या आईसारखी आई, आपल्या गल्लीसारखी गल्ली ज्यात दिसेल असे पुस्तकच नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. थोडी थोडी पाने लिहून ते मुलांना देत. ती संपली की मुले पुढच्या पानांसाठी मागे लागत. वस्तीतल्या बायकाही ऐकायला येऊ लागल्या, असे सांगतात.

ही पाने छापायचा त्यांचा विचार नव्हता. प्रसिद्ध कथा अशी आहे की, शिक्षण खात्याचे संचालक केम्पसन साहेब दौऱ्यावर असताना त्यांना नझीर अहमद यांचा लहान मुलगा भेटला. "काय वाचतोस?" असे साहेबांनी विचारले. मुलाने वडिलांनी लिहून दिलेल्या पुस्तकाचे नाव सांगितले आणि बहिणीची पुस्तकेही आणून दाखवली. साहेब चकित झाले. तेव्हाच्या सरकारने १८६८ साली देशी भाषांतील उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे जाहीर केली होती. त्यात नझीर अहमद यांच्या पुस्तकाला १००० रुपयांचे बक्षीस मिळाले आणि सरकारने त्याच्या २००० प्रती विकत घेतल्या. १८६९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे 'मिरात-उल-उरूस', अर्थात 'नववधूचा आरसा'. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः तिचेच नाव घेतले जाते.

कथा साधी आहे. दिल्लीच्या एका घरातल्या दोन बहिणी, अकबरी आणि असगरी, यांची दोन भावांशी लग्ने होतात. थोरली अकबरी लाडात वाढलेली, न शिकलेली, तापट. गोड बोलणाऱ्या एका भामट्या बाईच्या नादी लागून ती आपले दागिने घालवून बसते. धाकटी असगरी शिकलेली. सासरी आल्यावर तिच्या लक्षात येते की, जुनी मोलकरीण मामा अझमत बाजारहाटात घराला लुटते आहे आणि दुकानदारांचे देणे वाढत चालले आहे. असगरी आरडाओरड करीत नाही. ती खरेदीचे टिपण ठेवते, भाव विचारून घेते आणि योग्य वेळी दुकानदारांना बोलावून सगळा हिशेब चार लोकांसमोर मांडते. मामा अझमतची चोरी उघडी पडते. पुढे हीच असगरी आपल्या घरात मुलींसाठी मकतब चालवते. १८७२ साली आलेल्या 'बनात-उन-नाश' या दुसऱ्या पुस्तकात या मकतबाचे वर्णन आहे. आकाशातल्या सप्तर्षींना अरबीत जे नाव आहे तेच या पुस्तकाला दिले आहे. त्यात मुली गोष्टी ऐकता ऐकता भूगोल, इतिहास आणि विज्ञानही शिकतात.

आज ही पुस्तके वाचताना काही उणिवा जाणवतात. असगरी फारच गुणी आहे आणि अकबरी फारच अवगुणी. उपदेशही पुष्कळ आहे. तरीदेखील एक गोष्ट विसरता कामा नये. मुलीला घर सांभाळायचे असेल तरी तिला वाचता, लिहिता आणि हिशेब करता आला पाहिजे, हे या पुस्तकाने हजारो घरांत नेऊन पोहोचवले. ज्या घरात कोणी वक्ता गेला नसता, तेथे ही गोष्ट गेली. १९०३ साली 'नववधूचा आरसा' इंग्रजीतही आला.

म्हणजे जिला आपण 'फालतू' म्हणतो ती कादंबरी आपल्याकडे कोठे जन्मली? एका दीनदार, नोकरदार, काटकसरी बापाच्या टेबलावर, त्याच्या स्वतःच्या लेकींसाठी.

पुस्तके जाळणारा बाप

पण कथा येथेच संपत नाही. १८७४ साली नझीर अहमद यांचे तिसरे आणि अनेकांच्या मते सर्वांत चांगले पुस्तक आले, 'तौबत-उन-नसूह', म्हणजे नसूहची तौबा. दिल्लीत कॉलऱ्याची साथ आहे. नसूह नावाचा गृहस्थ आजारी पडतो आणि गुंगीत त्याला मृत वडील हिशेबाच्या दिवसाला सामोरे जाताना दिसतात. बरा झाल्यावर तो ठरवतो की, आजपर्यंत आपण कुटुंबाच्या संस्कारांकडे दुर्लक्ष केले, आता घर सुधारायचे. पत्नी फहमीदा साथ देते. धाकटी मुले ऐकतात. थोरला मुलगा कलीम मात्र ऐकत नाही. तो कवी आहे, हुशार आहे, मानी आहे. वडील बोलावतात, तो त्यांच्यासमोर जात नाही. शेवटी तो घर सोडून निघून जातो.

तो गेल्यावर नसूह त्याच्या खोल्या उघडतो. सुंदर सजवलेल्या खोल्या आणि कपाटात उत्तम बांधणीची पुस्तके. काव्य, किस्से, दास्ताने. नसूह ती चाळतो आणि सगळी जाळून टाकतो. याच पुस्तकात सादींच्या 'गुलिस्तां'चाही विषय निघतो. पत्नीला ते शिकवताना नसूहने त्यातील काही मजकुरावर कागद चिकटवले होते! ज्या 'गुलिस्तां'वर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या, तेही पूर्णपणे सुरक्षित वाटले नाही.

कलीमचे पुढे काय झाले? ज्याच्या थाटामाटावर विश्वास ठेवला तो मित्र, मिर्झा जाहिरदार बेग, त्याला रात्री एका पडक्या मशिदीत झोपायला लावतो आणि भाजलेले चणे खाऊ घालतो. त्या चण्यांची मिर्झा अशी तारीफ करतो की, वाचताना हसून पुरेवाट होते. नंतर मात्र हसू आटत जाते. कलीम भटकतो, अटक होतो, सैन्यात जातो, जबर जखमी होतो. शेवटी घरच्यांच्या सान्निध्यात, पश्चात्ताप करीत तो प्राण सोडतो.

लेखकाला सांगायचे होते ते हे की, मुलांना वेळीच वळण लावा. ते खरेच आहे. परंतु पुस्तक एकदा छापले की ते वाचकाच्या हाती जाते. नंतरच्या पिढ्यांतील अनेक वाचकांना नसूहपेक्षा कलीमच जवळचा वाटला. मलाही ते पुस्तक वाचताना पुनःपुन्हा वाटत राहिले की, नसूहने त्या कपाटातले एखादे पुस्तक हातात घेऊन मुलाजवळ बसून "यात तुला काय आवडते, मला वाच पाहू" असे एकदा तरी म्हणायला हवे होते. पुस्तके जळाली, पण त्यामुळे मुलगा घरी परतला नाही.

नियतीचा खेळ पाहा. नझीर अहमद यांनी अनेक वर्षे नोकरी केली. १८७७ नंतर काही वर्षे ते हैदराबाद संस्थानात महसुली अधिकारी होते. आजचा मराठवाडा त्या काळी त्याच संस्थानात होता. नंतर दिल्लीला परतून त्यांनी कुरआनचे उर्दू भाषांतर केले आणि व्याख्याने गाजवली. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी लिहिलेल्या एका धार्मिक विषयावरील पुस्तकाची भाषा लोकांना खटकली. त्यांचा हेतू चांगला होता, पण घरगुती दिल्लीची बोली त्या विषयाला शोभली नाही असे उलेमांचे म्हणणे पडले. मोठा गदारोळ झाला आणि त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. आपल्या नायकाच्या हातून पुस्तके जाळून घेणाऱ्या लेखकाला स्वतःच्या पुस्तकाची राख पाहावी लागली. १९१२ साली ते वारले. तो प्रसंग वाचल्यापासून कोणाही मुलाच्या हातून पुस्तक काढून घेताना माझा हात थबकतो.

एकाच वर्षी जन्मलेले दोन वाचक

नझीर अहमद यांच्यानंतरची पिढी पाहू. १८८० या एकाच वर्षी दोन मुले जन्मली. जुलैत बनारसजवळच्या लमही गावात धनपतराय आणि डिसेंबरात बंगालमधील रंगपूर जिल्ह्यात पायराबंद येथे रुकैया. दोघांनाही वाचन सहजासहजी मिळाले नाही.

धनपतरायचे वडील टपाल खात्यात कारकून. बदलीमुळे कुटुंब गोरखपूरला आले तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा, म्हणजे आपल्या आठवीतल्या मुलाएवढा. एका तंबाखूच्या दुकानात बसून त्याने 'तिलिस्मे होशरुबा'च्या कथा ऐकल्या आणि त्याला वाचनाचे वेड लागले. विकत घ्यायला पैसे नव्हते. गावात बुद्धिलाल नावाचे पुस्तकविक्रेते होते. त्यांच्या दुकानातल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या गाइडा हा मुलगा शाळेत नेऊन विकायचा आणि त्या बदल्यात दुकानातल्या कादंबऱ्या घरी नेऊन वाचायचा. सरशार, शरर, रुसवा असे उर्दूतले त्या वेळचे बहुतेक कादंबरीकार त्याने दोन-तीन वर्षांत वाचून काढले. ही हकिकत त्याने पुढे स्वतःच लिहिली आहे. गाइड विकून कादंबरी वाचणारा हा विद्यार्थी म्हणजेच मुन्शी प्रेमचंद. ते आधी शिक्षक आणि नंतर शाळांचे सब-डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. १९०८ साली त्यांचा 'सोझे वतन' हा उर्दू कथासंग्रह आला. त्यात सरकारला राजद्रोहाचा वास आला. कलेक्टरने बोलावून दम भरला. १००० प्रतींपैकी शिल्लक राहिलेल्या सुमारे ७०० प्रती जप्त होऊन जळाल्या. तोवर ते नवाबराय या नावाने लिहीत. त्यानंतर त्यांनी प्रेमचंद हे नाव घेतले आणि लिहिणे चालूच ठेवले.

त्याच प्रेमचंदांनी 'ईदगाह' लिहिली. ईदच्या जत्रेत सगळी मुले खेळणी आणि मिठाई घेतात. तीन पैसे खिशात असलेला, आईबापाविना वाढणारा हमीद मात्र आजीचा हात तव्यावर भाजतो हे आठवून लोखंडी चिमटा विकत घेतो. या कथेला कोणता उपदेश जोडायची गरज आहे? वर्गात ती वाचून दाखवल्यावर मागच्या बाकावरची मुलेही काही वेळ गप्प बसतात, हा माझा अनुभव आहे.

आता रुकैयाची गोष्ट. वडील जमीनदार. मुलींना अरबी-उर्दू शिकवावे, पण बंगाली आणि इंग्रजी नको, असा घराचा दंडक. तिच्या थोरल्या बहिणीला, करीमुन्निसाला, बंगाली वाचनाचा ध्यास होता. त्यावरून तिला बोलणी खावी लागली आणि तिचे लग्न लवकर उरकण्यात आले. थोरला भाऊ इब्राहिम मात्र रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात रुकैयाला इंग्रजी शिकवायचा. पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सखावत हुसेन यांच्याशी तिचा विवाह झाला. त्यांनी पत्नीच्या लेखनाला उत्तेजन दिले. पती दौऱ्यावर असताना तिने इंग्रजीत एक कथा लिहिली, 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचे स्वप्न. १९०५ साली ती मद्रासच्या एका मासिकात छापून आली. या स्वप्नातल्या देशात पुरुष घरात बसतात आणि स्त्रिया राज्यकारभार पाहतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि हवाई वाहने चालतात. आज आपण गच्चीवर सौरऊर्जेची पाटी बसवतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडद्यात वाढलेल्या एका स्त्रीने ती कल्पना गोष्टीत मांडली होती.

पतीच्या निधनानंतर त्यांनी मुलींची शाळा काढली. १९११ साली कलकत्त्यात ती पुन्हा सुरू केली तेव्हा मुली होत्या आठ. बेगम रुकैया घरोघर जाऊन पालकांना विनवीत. १९३२ साली त्यांचे निधन झाले, पण शाळा चालू राहिली. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकर्त्यांना आठ मुलींची शाळा म्हणजे काय, हे समजावून सांगायला नको.

आपले मराठीचे अंगण

आपण महाराष्ट्रातले. आपल्या काही मुलांचे माध्यम उर्दू, काहींचे मराठी. घरी बोली आणखी निराळी. म्हणून मराठीचा इतिहासही आपलाच. येथेही पाहा, १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले ते विधवांच्या दुःखावर. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये एका मुलीच्या तोंडूनच तिची कहाणी सांगितली. उर्दू असो वा मराठी, आरंभीच्या कादंबऱ्या राजवाड्यातून निघून घरात शिरल्या आणि घरातल्या मुक्या माणसाला, म्हणजे मुलीला, त्यांनी बोलते केले.

आणि 'श्यामची आई'? दापोली तालुक्यातल्या पालगडच्या गरीब घराची ही कथा साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. घर ब्राह्मणाचे, रीतिरिवाज वेगळे. पण कर्ज, अब्रू आणि आईची माया यांत आपल्या घराहून काय वेगळे आहे?

आणखी एक पुस्तक मी मुद्दाम सांगतो. केरळचे वैकम मुहम्मद बशीर हे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, पुढे एर्नाकुलमला त्यांनी पुस्तकांचे दुकानही चालवले. त्यांची १९५१ सालची एक छोटी कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थ, 'माझ्या आजोबांकडे हत्ती होता'. घराणे धुळीला मिळाले आहे, पण आई येताजाता सांगते की, माझ्या बापाकडे मोठा हत्ती होता! तिची मुलगी कुंजुपातुम्मा निरक्षर. शेजारी राहायला आलेल्या शिकलेल्या कुटुंबातली आयेशा तिला अक्षरे शिकवते. शेवटी गल्लीतली पोरे ओरडून सांगतात की, तो हत्ती म्हणजे वाळूत खड्डा करून बसणारा एक किडा! मल्याळममध्ये त्या किड्याच्या नावात 'हत्ती' हा शब्द आहे, त्यावरचा हा विनोद.

आपणही सभा-समारंभात पूर्वजांच्या हत्तींची वर्णने पुष्कळ करतो. बशीर यांच्यासारखा घरचा माणूस हसत हसत चिमटा काढतो तेव्हा तो लागत नाही, पण लक्षात राहतो. कादंबरी हे काम करते.

आता सुट्टीचे बोलू

हा सर्व इतिहास सांगण्याचे कारण एकच. कादंबरीतून मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. असगरीकडून हिशेबाची जागरूकता मिळते, कलीमकडून बाप-लेकाच्या दुराव्याची जाणीव, हमीदकडून आजीचा हात. गणिताच्या पुस्तकातून गणित मिळते आणि ते हवेच. पण दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याची सवय त्यातून मिळत नाही. ती सवय नसलेला मुलगा डॉक्टर झाला तरी रुग्णाचे दुखणे त्याला पूर्ण कळेल असे मला वाटत नाही. शिवाय भाषेचा लाभ वेगळाच. जो विद्यार्थी सुट्टीत चार पुस्तके वाचतो, त्याला निबंध पाठ करावा लागत नाही.

पालकांची एक शंका रास्त आहे. प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाला योग्य नसते, हे मलाही मान्य आहे. त्यावर उपाय नसूहचा नको, नझीर अहमद यांचा हवा. निवड आपण करावी, आपण वाचावे, सोबत बसावे. आज मुलाच्या हातातले पुस्तक आपण काढून घेतले तर तो अभ्यासाचे पुस्तक उचलेल अशी खात्री नाही. बहुधा मोबाइल उचलेल. आणि त्यात तो काय पाहतो, याची चौकशी करायला तर आपल्याला सवडही नसते.

सोपी योजना सुचवतो. 'श्यामची आई'ची प्रकरणे म्हणजे 'रात्री' आहेत आणि त्या बेचाळीस आहेत. सुट्टीचे सहा आठवडे म्हणजेही बेचाळीस दिवस. रोज रात्री इशानंतर घरातल्या एका मुलाने एक रात्र मोठ्याने वाचावी. आजी असेल तर तिला ऐकवावी, कारण ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना गोष्ट सर्वांत चांगली समजते. दुपारच्या उन्हात ज्याचे त्याने वाचावे. आठवीने 'ईदगाह'पासून सुरुवात करावी. नववी-दहावीने प्रेमचंदांची 'गोदान' हाती घ्यावी. उर्दू माध्यमाच्या मुलांनी 'मिरात-उल-उरूस' आणि 'तौबत-उन-नसूह' मूळ भाषेतच वाचावी. ज्यांचे इंग्रजी बरे आहे त्यांनी 'सुलतानाज ड्रीम' वाचावी, ती काही पानांचीच आहे. बशीर यांची कादंबरीही इंग्रजीत आहे. वाचून झाल्यावर सारांश लिहून घेण्याची सक्ती मात्र करू नये. जेवताना एवढेच विचारावे, "आज पुढे काय झाले?"

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक सांगतो. गोरखपूरच्या त्या मुलाकडे पैसे नव्हते, रंगपूरच्या त्या मुलीकडे परवानगी नव्हती. तुमच्या शाळेत पुस्तकांचे कपाट आहे आणि किल्ली आमच्याकडे आहे. सुट्टीतही मागितली तर मिळेल.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नाने हा लेख सुरू झाला, त्यांच्या घरीही ही स्मरणिका जाईल. त्यांची ती मुलगी दहावी होऊन गेली. धाकटी आता आठवीत आहे. प्रेमचंदांचे ते पुस्तक कपाटात खालून दुसऱ्या फळीवर आहे. त्यातील 'ईदगाह' ही कथा त्यांनी त्या वेळी वाचली नव्हती, असे मला वाटते. यंदा परीक्षेनंतर ते शाळेत आले, तर पुस्तक मी त्यांच्याच नावावर देईन. आधी त्यांनी वाचावे, आवडले तर मुलीला द्यावे.